नोएलच्या दृढीकरणाविषयी

भांडुप, मुंबई
रविवार, रात्री

ती. बाबा आणि ती. आई यांस,
प्रभूच्या नावात सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही बोलता बोलता गप्प झालात आणि आईनं फोन घेतला. तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. बिशपसाहेब दृढीकरणासाठी येतील त्या रविवारी, बाप्तिस्म्यातलं वचन स्वतःच्या तोंडून द्यायला, वर्गातली बाकीची मुलं पुढे जाऊन गुडघे टेकतील आणि नोएल आमच्याबरोबर बाकावर बसलेला असेल. यंदा उभा राहणार नाही, असं त्यानं स्वतः पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि "वर्गाला मात्र येत राहा" एवढंच म्हणाले. तो अजूनही जातो.

तुमचं म्हणणं, आपल्या घरात पणजोबांपासून असं कुणी केलं नाही, पोराला मुंबईचं वारं लागलं. वारं लागलं असतं तर तो मुकाट्यानं उभा राहिला असता, बाबा. पांढरा शर्ट, फोटो, घरी बिर्याणी आणि पुढच्या महिन्यापासून रविवारी क्रिकेट. असं करणारी मुलं आपण नगरलाही पाहिली आहेत, इथंही पाहतो. नोएलनं उपासनेत आपण म्हणतो त्या विश्वासांगीकाराचं एकेक वाक्य वहीत उतरवून घेतलंय आणि त्यातल्या एका वाक्यापाशी तो थांबलाय. जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास तो येणार आहे, असं ख्रिस्ताविषयी म्हणणाऱ्या त्या वाक्यापाशी.

त्याचं कारण आहे शेजारच्या आजी. आई, तू त्यांना ओळखायचीस. मी नोकरीवर जायची तेव्हा नोएल त्यांच्याकडे असायचा. दुपारी त्यांच्या मांडीवर झोपायचा, हरिपाठ ऐकत. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पाय दुखत असले तरी वारीत दोन मुक्काम तरी चालायच्याच. नाताळात आपल्या घरचा तारा त्यांच्याच ग्रिलला बांधायचा, कारण तिथून रस्त्यावरून दिसतो, असं त्यांनीच ठरवलं होतं. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. नोएलनं खांदा दिला.

त्यानंतर एका मित्राबरोबर तो उपनगरातल्या एका मोठ्या हॉलमधल्या तरुणांच्या सभेला गेला. दिवे, बँड, हिंदी-इंग्रजी गाणी, सगळं जोरात. त्याला संगीत आवडलं आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. तबला वाजवणाऱ्या मुलाला ड्रम्स आवडणारच. पण सभा संपल्यावर त्यानं तिथल्या एका मोठ्या मुलाला आजींविषयी विचारलं. तो मुलगा क्षणभरही न थांबता म्हणाला, त्या नरकात आहेत, स्पष्ट लिहिलंय. त्या उत्तराचा मला राग येतो तो त्यातल्या घाईचा. ज्याला बाई माहीत नाही, तिचं मरण माहीत नाही, तो देवाच्या न्यायासनावर बसून मोकळा झाला.

भायखळ्याहून परतताना स्लो ट्रेनमध्ये नोएलनं मला हे सांगितलं. कुर्ल्याला गर्दी आत आली तरी तो बोलत होता. "मम्मी, मी सगळ्यांसमोर हो म्हणालो, तर मी आजींबद्दल पण हो म्हणतोय का?" मी त्याला माझ्या समजुतीप्रमाणे सांगितलं. न्याय करणारा तोच आहे ज्यानं वधस्तंभावर आपल्याला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. ख्रिस्ताशिवाय तारण नाही हे मी मानते. आणि ख्रिस्ताचा हात कुठपर्यंत पोचतो हे मोजायचं काम मला दिलेलं नाही, हेही मानते. कॅथलिक मंडळीनं तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964 साली, लेखी मांडलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत यावर एकमत नाही, हेही मी त्याच्यापासून लपवलं नाही.

त्याचं समाधान झालं नाही. सोळाव्या वर्षी एका ट्रेनप्रवासात ते व्हावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

बाबा, तुम्हीच आम्हाला लहानपणी रेव्हरंड टिळकांची गोष्ट सांगायचात. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं म्हणणारा माणूस. त्यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 ला इथं मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. काही वर्षांनी एकत्र राहू लागल्या तेव्हाही त्यांचं सोवळं, त्यांची चूल वेगळी होती. टिळकांनी बळजबरी केली नाही. त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी, आणि आल्यावर त्यांच्याइतकी खंबीर बाई मराठी मंडळीला क्वचितच मिळाली असेल. हे तुमच्याच तोंडून ऐकून मी मोठी झाले. मग नातवाला एखादं वर्ष द्यायला आपल्याला इतकं जड का जावं?

आणि आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचंच पाहा ना. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा मंडळ्या एक झाल्या. तुम्ही तेव्हा शाळेत होतात, आजोबा तिथून आल्यावर काय काय सांगत होते ते तुम्हाला अजून आठवतं. त्यात अँग्लिकन होते, आपले अमेरिकन मिशनच्या परंपरेतले होते, आणि बॅप्टिस्ट व ब्रदरनही होते, जे तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतच नाहीत. माणसानं जाणत्या वयात स्वतः कबुली दिल्यावर देतात. यावरून युती मोडली नाही, दोन्ही रीतींना जागा ठेवली. नोएलच्या बाप्तिस्म्यात त्याच्या वतीनं आम्ही वचन दिलं. दृढीकरणात ते त्यानं स्वतःच्या तोंडून द्यायचं असतं. ते आम्ही त्याच्या तोंडात घातलं, तर पुन्हा आमचंच झालं.

प्रभुभोजनाच्या वेळी तो मागे बसून राहतो, ते पाहताना माझ्या पोटात तुटतं. आमच्याकडे दृढीकरण झाल्याशिवाय भाकर आणि प्याला मिळत नाही आणि तो नियम मला मान्य आहे. पण त्यामुळे तो मंडळीबाहेर गेला असं कुणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. तुमच्याकडच्या नातेवाइकांनीही नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात, प्रभू पुन्हा उठल्याचं ऐकून शिष्य थोमा म्हणतो, खिळ्यांचे व्रण पाहिल्याखेरीज मी विश्वास ठेवणार नाही. आपण नेहमी त्याच्या अविश्वासावरच संदेश ऐकतो. पण प्रभू त्याच्यासाठी पुन्हा आला तो आठ दिवसांनी, आणि तेव्हा थोमा त्याच खोलीत बाकीच्यांबरोबर होता. मधले आठ दिवस त्याला कुणी हाकललं नाही, आणि तोही उठून गेला नाही. दहा जणांनी प्रभूला पाहिलेलं, एकानं नाही, आणि सगळे एकाच छताखाली. माझं मागणं एवढंच आहे की ते आठ दिवस आपण नोएलला द्यावेत. किती लांबतील ते मला ठाऊक नाही.

म्हणून बाबा, त्याला फोन करून "कधी होणार दृढीकरण?" असं विचारू नका. त्याला तुमच्याशी बोलायचंय, पण तुम्ही चिडाल म्हणून धीर होत नाही. तुम्ही चाळीस वर्षं मंडळीच्या कारभारात वडील (एल्डर) म्हणून बसलात, किती मयतींना प्रार्थना केलीत, त्यात परधर्मीय शेजारीही होते. त्यांच्याबद्दल तुम्ही देवाशी काय बोलायचात, ते त्याला सांगा. माझ्या किंवा पाळकसाहेबांच्या उत्तरापेक्षा त्याला ते जास्त हवंय. तुम्हाला उत्तर सुचलं नाही तर तसं सांगितलंत तरी चालेल.

आई, दृढीकरणासाठी घेतलेलं शर्टाचं कापड परत करू नकोस. नाताळच्या सकाळच्या उपासनेला तो भजनांना तबल्यावर बसणार आहे, तेव्हा घालेल. माप मात्र नवीन घ्यावं लागेल, बाह्या आखूड पडतात.

आमच्या मंडळीत आता बरेचसे लोक कल्याण-डोंबिवलीहून, विरारहून येतात, त्यामुळे नाताळची उपासना जरा उशिरा ठेवली आहे. तुम्ही दोघं तेवीस तारखेपर्यंत या. एसटीनं येऊ नका, बाबांच्या कमरेला घाट सोसत नाही. नोएल तिकिटं काढून पाठवतो म्हणतोय आणि दादरला तोच घ्यायला येईल. बाबांच्या बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या घ्या, इथं तीच कंपनी मिळतेच असं नाही.

तुमची लेक