गाडी सरळ जाते, खरं कुणाची?

वडगाव, बेळगाव

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला पत्र नाही आणि फोनही नाही. त्यावरून नंदाने माझी पुरेशी खरडपट्टी काढली आहे, तेव्हा तू पुन्हा काढू नकोस. माझा रक्तदाब गोळीच्या धाकात आहे, आईचे गुडघे आहेत तसेच. आज लिहायला बसलो आहे ते एकाच गोष्टीसाठी, आणि ती तुझ्याखेरीज कुणाला उमगेल असे वाटत नाही.

आमच्या शाळेतील चौथी-पाचवीची आठ मुले यंदा फर्स्ट लेगो लीग या मुलांच्या रोबो स्पर्धेत उतरली आहेत; लेगोच्या तुकड्यांची गाडी जोडायची आणि तिला प्रोग्राम लिहून चालवायचे. टेबलावर अडीच मिनिटांत गाडीने आपली आपण कामे उरकायची, एवढेच लोकांना दिसते. पण यंत्राची रचना, मुलांनी एखाद्या अडचणीवर शोधलेला उपाय आणि संघातले त्यांचे वागणे यांनाही तेवढेच वजन असते. २०२५-२६ चा विषय पुरातत्त्व आहे. इथल्याच माधवपूरच्या उत्खननात सातवाहन काळाचे अवशेष निघाले होते, हे ऐकल्यापासून पोरांनी आपापली परसे उकरायला घेतली असून दोन घरांतून माझ्याकडे तक्रार आली आहे.

गाडी किती पुढे जाईल, हे आधी कुणालाच सांगता येत नव्हते. मग जिच्या घरी माग आहेत त्या मुलीने चाकाभोवती सुताचा धागा गुंडाळला, तो पट्टीवर धरला आणि साडेसतरा सेंटीमीटर असे वहीत लिहिले. ठेवलेल्या खुणेपर्यंतचे अंतर त्याने भागून चाकाचे फेरे काढायचे, हे तिने इतरांना समजावले. गाडी तरीही जरा तिरकी जाई; पण का जाते यावर पोरे तावातावाने भांडत.

संघातील एका मुलाच्या वडिलांचा उद्यमबागेत कारखाना आहे. गाडीचा संच त्यांनीच घेऊन दिला. माणूस दिलदार आहे. त्यांनी चार्जिंगच्या निमित्ताने गाडी घरी नेली आणि रात्रीत जायरो सेन्सरवर, म्हणजे गाडी किती वळली ते मोजणाऱ्या यंत्रावर, चालणारा नवा प्रोग्राम लिहून टाकला. दुसऱ्या दिवशी गाडी सुतासारखी सरळ गेली, सारे गुण मिळाले, आणि खोलीत कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. त्यांचाच मुलगा हळूच म्हणाला, “सर, गाडी बरोबर जातीया, खरं का जातीया ते कळंना.”

आता तुझी विजेची घंटा आठव. सहावीच्या विज्ञान प्रदर्शनात ती पहिली आली, ती तुझ्या मामांनी केली होती हे साऱ्या वर्गाला ठाऊक होते, आणि हातोडी परत का येते असे परीक्षकांनी विचारल्यावर तू छताकडे पाहिलेस. माझ्या दुर्बिणीला उत्तेजनार्थही मिळाले नाही, म्हणून मी तुझ्याशी महिनाभर बोललो नाही. त्या वेळी माझेच खरे होते, हे मी आजही मागे घेत नाही. पण बक्षीस घरी नेल्यावर तू ती घंटा पुन्हा कधी वाजवली नाहीस, हे फक्त मला माहीत आहे.

त्या गृहस्थांचे म्हणणे असे की, बेंगळुरूची मुले क्लास लावून येतात, मग आपल्या पोरांनी दोरे मोजत बसायचे का? यावर मला चटकन उत्तर सुचत नाही, कारण त्यात अर्धे खरे आहे. नियम मात्र स्पष्ट आहे: मोठ्यांनी प्रश्न विचारावेत, वाट दाखवावी, काम मुलांचे. शिवाय परीक्षक मुलांना समोर बसवून, हे असेच का केले, म्हणून विचारतात, तेव्हा जायरो बोलणार नाही. मुलांचा जुना प्रोग्राम लॅपटॉपवर शाबूत आहे आणि मी तोच परत चढवणार आहे. जायरो वापरायचाच असेल तर त्यांनी तो मुलांना शिकवावा, हवे तर पंधरा दिवस रोज येऊन.

अडते ते सांगण्यापाशी. मुलाला बापाचा अभिमान आहे. त्याच्यासमोर बोललो तर बाप दुखावेल आणि पोरगा त्याहून अधिक. मामांना त्या वेळी कुणी काय सांगितले असते, म्हणजे त्यांना राग आला नसता आणि तुलाही कमीपणा वाटला नसता? मी रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे. त्याआधी तुझे उत्तर मिळावे.

वास्तुशांतीला येता आले नाही, वहिनींना माझ्या वतीने तूच समजाव. चिरंजीवांची नोकरी पक्की झाल्याचे कळले, उत्तम झाले. कुंदा पाठवतो आहे. साखरेचे कारण सांगून परत करू नकोस.

तुझा,
सुधीर