फिनॉल कातडीतूनही आत जाते

मा. संपादक,

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी कोअर शॉपला, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवतात त्या विभागात आहे. दरवर्षी आमची तपासणी होते: छातीचा एक्स-रे, रक्तदाब, नळीत फुंकणे. हवेचे नमुनेही घेतात आणि ‘मर्यादेत’ असा कागद फलकावर लागतो. पण वाळू घट्ट धरण्यासाठी वापरतात त्या रेझिनमधले फिनॉल हे रसायन काही नाकावाटेच जाते असे नाही. कातडीतून ते झपाट्याने मुरते, आणि जागा बधिर होत असल्याने लागल्याचे कळतही नाही. सुती हातमोजे तर रेझिन शोषून कातडीलाच धरून ठेवतात.

2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या दुसऱ्या अनुसूचीत हवेतल्या फिनॉलची 5 पीपीएम (दहा लाख भागांत पाच भाग) मर्यादा दिली होती, तिथेच ‘त्वचा’ असा, म्हणजे कातडीतूनही जाते असा, शेरा होता. मग नुसती हवा मोजून अंगात किती गेले ते कसे कळणार? शरीर त्याचे रूपांतर करून बहुतेक भाग दिवसभरात लघवीवाटे टाकते. म्हणून कामाची पाळी (शिफ्ट) संपताना घेतलेला लघवीचा नमुना तपासायला हवा. (घशाच्या काही औषधांतही फिनॉल असते, तेवढे आधी विचारून घ्यावे.)

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीमालकांनी एकत्र येऊन कोअर शॉपच्या पोरांसाठी ही तपासणी आणि निओप्रिनचे (एका कृत्रिम रबराचे) हातमोजे येत्या उन्हाळ्याआधी सुरू करावेत, ही कळकळीची विनंती.

— एक कोअर शॉप कामगार, कोल्हापूर