ट्रायकोकार्ड वाटप: रविवारी सकाळी 7 वाजता, गटाच्या शेडवर

डाळिंब गटातील सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सुरसा अळीसाठी (फळ पोखरणारी अळी) मागवलेली ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा ही बारीक मित्रमाशी ज्यांच्या आत वाढते, अशी अंडी चिकटवलेले कागद) रविवारी मिळतील. एकरी 5 कार्ड, म्हणजे साधारण 1 लाख अंडी. दर 10 दिवसांनी, एकूण 4 वेळा.

- येताना थर्मास किंवा ओल्या गोणपाटात गुंडाळलेला डबा आणा. कार्ड गाडीच्या डिकीत तापली तर आतली माशी मरते.
- पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा. मुंग्या असलेले झाड टाळा. त्या अंडी फस्त करतात.
- कार्ड लावण्याआधी आणि नंतर आठवडाभर कीटकनाशक फवारू नका. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा, वारा बांध बघत नाही.
- कार्ड साठवून ठेवू नका, त्याच दिवशी लावा.

ही माशी मिलिमीटरभराचीही नसते आणि माणसाला चावत नाही. ती सुरसाच्या अंड्यात आपली अंडी घालते, त्यामुळे अळी बाहेरच पडत नाही. मात्र फळात शिरलेल्या अळीवर तिचा इलाज नाही. म्हणून भोक पडलेली फळे आधी तोडून खोल पुरा. बांधावर फेकलेली चालणार नाहीत.

ज्यांच्या बागेत नुकतीच फवारणी झाली आहे, त्यांनी शनिवारपर्यंत कळवावे. त्यांची कार्ड पुढच्या खेपेला देऊ.