फिलिपिन्समधल्या मियागाओच्या लग्नाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही एकच प्रश्न विचारलात आणि फोन आईकडे दिलात. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. नाही, मला बाटावं लागत नाही. कॅथलिक मुलीला माझ्यासारख्या बाप्तिस्मा न झालेल्या मुलाशी चर्चमध्ये लग्न करायचं तर बिशपची खास परवानगी लागते. तो अर्ज गेला आहे. पण अर्धंच सांगून तुम्हाला गाफील ठेवणार नाही. मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी होईल तेवढं करीन, असं वचन तिला द्यावं लागतं. माझ्याकडून ते घेत नाहीत, फक्त तिनं दिल्याचं मला सांगतात. यावर आमचं भांडण होऊन गेलं आहे. गणपतीत मुलं रत्नागिरीला असणार, हे तिनं कबूल केलंय. बाकीचं समोरासमोर बोलू.

आई, तुझा प्रश्न असा, की मंगलाष्टका नाहीत, सप्तपदी नाही, मग लग्न लागतं कधी? चर्चच्या हिशेबानं दोघांनी फादरसमोर आणि साक्षीदारांसमोर होकार दिला की लागलं. पण फिलिपिनो माणसांचं तेवढ्यानं समाधान होत नाही. त्यांना मेणबत्त्या, नाणी, ओढणी आणि दोर हे सगळं हवं असतं. १५६५ पासून १८९८ पर्यंत तिथे स्पेनचं राज्य होतं, नाण्यांची रीत त्या काळातली. आता मात्र त्याशिवाय तिच्या आजीला ते लग्नच वाटणार नाही.

मला सगळ्यात आवडली ती ओढणी. आपण दोघांच्या मध्ये अंतरपाट धरतो आणि मुहूर्ताला काढून घेतो. हे लोक उलट करतात. एक लांब पांढरं वस्त्र मुलीच्या डोक्यावरून घेऊन मुलाच्या खांद्यापर्यंत आणतात आणि पिनांनी टाचतात, म्हणजे दोघं एका छपराखाली आले. मग त्यावरून एक दोर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोघांच्या खांद्यांवर घालतात. आपल्या शेल्या-उपरण्याच्या गाठीचंच काम, फक्त ही गाठ कुणी मारत नाही, नुसती घातलेली असते. यातलं काहीच नवरा-नवरीनं करायचं नसतं. आम्ही गुडघे टेकून गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी येऊन टाचायचं, गुंडाळायचं, पेटवायचं. त्यासाठी आधीच जोड्या नेमतात. त्यात सगळे तिच्याकडचेच असले तर मला ते बरं दिसणार नाही. फादरना विचारलं, त्यांची हरकत नाही. तेव्हा ओढणी माझ्या खांद्याला टाचायला मामा. दिवा धरायची ताईची करवलीपणाची हौस मेणबत्तीवर भागेल.

मेणबत्तीचं तू म्हणालीस ते पटलं. दोघांनी आपापल्या ज्योतीनं मधली पेटवायची आणि आपली फुंकून टाकायची, असं लग्नाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी सुचवलं होतं. लग्नात ज्योत फुंकायची कसली! तिन्ही जळू देत. तिच्या आईलाही हे लगेच पटलं. त्याच बाईंनी दोन रंगांची वाळू एका बाटलीत ओतायचाही कार्यक्रम सुचवला. भाट्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला वाळूचं काय कौतुक? तो रद्द.

नाणी तेरा असतात. त्याचे अर्थ विचाराल तितके निघतात, ख्रिस्त आणि त्याचे बारा शिष्य हा त्यातला एक. नवऱ्यानं ती बायकोच्या ओंजळीत ओतायची. आमच्या घरात तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे, त्यामुळे ती परत माझ्या ओंजळीत ओतणार आहे. बाबा, तुम्ही 'अर्थे च' म्हणून शब्द दिला होतात आणि पगाराचं पाकीट आयुष्यभर आईकडे दिलंत. मला यात परकं काही वाटलं नाही.

चर्च मियागाओचं, इलोइलो शहरापासून तासाभरावर. १७९७ साली बांधून झालं, १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आई, दर्शनी भिंत तुला आवडेल. संत ख्रिस्तोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन निघालेत आणि भोवती कोरलेत चक्क माड, पपई आणि पेरू. तू वसुदेवच म्हणशील.

सप्तपदी मे महिन्यात आपल्या अंगणात करू, तिची तयारी आहे. गुरुजींना प्रत्येक पावलाचा अर्थ आधी सांगायला लावा, ती विचारणारच. हॉल आणि हजार पानं मात्र नकोत.

शेवटचं काम तुमचं, बाबा. लग्नाआधी मुलाच्या आई-वडिलांनी मुलाला घेऊन मुलीच्या घरी जायचं आणि रीतसर मागणी घालायची, असा तिथला रिवाज आहे. पामानहिकान म्हणतात. आपल्याकडे मुलीच्या बापानं जोडे झिजवायचे, तिथे तुम्ही. ताईच्या वेळी तुम्ही किती उंबरे चढलात ते पाहिलंय, म्हणून मला हा रिवाज योग्य वाटतो. रिकाम्या हातानं जात नाहीत. जानेवारीत आंबा नाही, तेव्हा आंबापोळी आणि फणसपोळी घ्या, चांगली पॅक करून. फक्त एक सांभाळा. इलोइलोच्या समोरच गुइमारास बेट आहे, आणि तिथल्या आंब्याबद्दल तिच्या वडिलांचं मत तुमच्या हापूसबद्दलच्या मताइतकंच पक्कं आहे. मागणी मान्य होईपर्यंत हा विषय काढू नका.

मामाला तुम्हीच फोन करा, माझं तो हसण्यावारी नेतो.

तुमचा,
बाळू
सिंगापूर