ऑपरेशनच्या फॉर्मवर सही कुणाची? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
गोवा सरकार.

सप्रेम नमस्कार.

गोव्यात नवऱ्याला घर विकायचे तर बायकोची सही लागते. पोर्तुगीज काळातल्या, १८६७ च्या नागरी संहितेतून आलेला हा नियम इथे घरोघरी माहीत आहे. बाहेरगावचे लोक आले की आपण तो अभिमानाने सांगतोही. पण त्याच बायकोची गर्भपिशवी काढायची वेळ आली, की फॉर्म बऱ्याचदा आधी नवऱ्यापुढे सरकवला जातो. ती शुद्धीवर असते, सज्ञान असते, शेजारीच बसलेली असते.

माझ्या काकीचे पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन झाले, खाजगी इस्पितळात. काकी मराठी शाळेत शिकलेली. सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय चहाचा कप खाली ठेवत नाही. तिला आत नेताना हिरवा गाऊन घातला, मंगळसूत्र आणि चष्मा काढून मुलीच्या हातात दिला, आणि मग फॉर्म आला. इंग्रजी, बारीक टायपातला. ऑपरेशनचे नाव लिहायची जागा कोरी होती, डॉक्टरांच्या नावाचीही. “काकी, हांगा सय करात.” काय आहे विचारले तर, “कांय ना, सगळ्यांचीच घेतात.” तिने केली. दुर्बिणीतून जमले नाही तर पोट उघडावे लागेल, हे त्या कागदात लिहिलेले होते. काकीला ते दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून कळले. ऑपरेशन चांगले झाले. काकीची काहीच तक्रार नाही. तक्रार माझी आहे.

आपल्या अधिकाऱ्यांना कायदा मी काय सांगणार, पण समीरा कोहली खटला त्यांनी एकदा पुन्हा काढून वाचावा. १९९५ साली दिल्लीत चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित बाई तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. ती बेशुद्ध असतानाच बाहेर बसलेल्या आईची सही घेतली गेली, आणि तिचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यात आले. जिवाला तातडीचा धोका नव्हता. डॉक्टरांच्या मते ते तिच्या भल्याचेच होते, पुन्हा भूल द्यायला नको म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले, की रुग्ण सज्ञान असेल आणि तो शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल, तर आईची संमती चालणार नाही. तपासणीला दिलेली संमती म्हणजे अवयव काढायला दिलेली संमती नव्हे. उपचार कसला, कशासाठी, त्याला दुसरा पर्याय आहे का, मोठे धोके कोणते, आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढे रुग्णाला सांगितलेच पाहिजे. दूरच्या, क्वचित घडणाऱ्या धोक्यांची जंत्री वाचायला न्यायालयाने सांगितलेले नाही. आमच्याकडचे दवाखाने गर्दीचे असतात, याची जाण त्या निकालात आहे. त्या बाईला भरपाई मिळाली पंचवीस हजार रुपये. यावर मी काही लिहीत नाही.

तरीही नवऱ्याच्या सहीची सवय जात नाही, त्याला कारण आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत ऑपरेशनपूर्वी लेखी संमती कुणाची घ्यावी, हे सांगताना आधी पती किंवा पत्नी येते, मग अज्ञान मुलांचे आईवडील किंवा पालक, आणि रुग्ण स्वतः सगळ्यांत शेवटी. याउलट १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. तरीही ती मागणारे भेटतातच.

आणि हे गोव्यात व्हावे? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने मरणापूर्वीचे इच्छापत्र, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारा कागद, करायची मुभा दिली, २०२३ मध्ये न्यायालयानेच त्याची पद्धत सोपी केली, आणि ती प्रत्यक्षात आणण्यात गोवा पुढे होता. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचे असे इच्छापत्र केले. व्हेंटिलेटर नको, हे इथला माणूस रीतसर लिहून ठेवू शकतो. हर्नियाच्या ऑपरेशनला मात्र त्याने न वाचलेल्या कागदावर सही करायची.

डॉक्टरांवर मी घसरत नाही. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत सकाळी उभे राहून पाहा. बार्देश-सासष्टीच नव्हे, दोडामार्ग, सावंतवाडी, कारवारहूनही माणसे आलेली असतात. त्या गर्दीत एकेकाला बसवून समजावायला निवासी डॉक्टरांना वेळ कुठला? म्हणूनच कागद नीट हवा, आणि वेळेवर हवा. ऑपरेशनची तारीख देतात त्याच दिवशी फॉर्म हातात द्यावा, घरी न्यावा, मुलांनी वाचून दाखवावा, शंका लिहून आणाव्यात. तो मराठीत आणि कोंकणीत असावा, आणि रोमी (रोमन) लिपीत कोंकणी वाचणाऱ्यांनाही विसरू नये. १९८७ च्या राजभाषा कायद्यावरून आपण अजून भांडतो, पण इस्पितळाच्या फॉर्मवर दोन्ही भाषा सारख्याच गैरहजर आहेत. फॉर्मवर पर्याय लिहायला जागा हवी, आणि “मला हे नको” असे लिहायलाही. सही रुग्णाची, नातेवाईक फक्त साक्षीदार. अपघातात बेशुद्ध आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी, तिथे कुणी फॉर्म शोधत बसू नये.

यासाठी विधानसभेत नवे विधेयक आणायची गरज नाही. गोमेकॉ आणि म्हापसा, मडगावच्या जिल्हा इस्पितळांपुरते आपल्या खात्याचे परिपत्रक पुरेल. खाजगी इस्पितळे ऐकणार नाहीत असे कुणी म्हणेल, तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे, म्हणजे राज्याच्या आरोग्यविम्याचे, पैसे त्यांना सरकारच देते. त्या करारात ही एक अट घालता येईल. ती घालणार की नाही, आणि कधी, एवढे कळवावे.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक मतदार