दात उजळले आणि कळही थांबली, डॉक्टर मॅडम तुमचे आभार

मॅडम नमस्कार,

क्लिनिकमध्ये पुढचा पेशंट बसलेला असतो, त्यामुळे नीट बोलणं होतच नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, घरी दात पांढरे करायचं मनात असलेल्या अजून कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

मी आले तेव्हा एवढंच विचारलं होतं की लिंबू आणि सोडा लावला तर चालेल का. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून समजावलंत, की इनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा कडक थर, साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळायला लागतं (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) आणि लिंबाचा रस तर 2 ते 3 च्या आसपास असतो, त्यावर ब्रश घासला की मऊ पडलेला थर निघून जातो आणि तो पुन्हा येत नाही. इनॅमल धुरकट काचेसारखं असतं आणि पिवळेपणा त्याच्या मागच्या डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या थराचा असतो, म्हणजे घासून घासून इनॅमल पातळ केलं तर दात उलट जास्त पिवळे दिसणार, हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. कोळशाच्या पावडरीबद्दलही तुमचं तेच म्हणणं, वरचे डाग निघतील पण रोज घासायची वस्तू नाही ती.

तुम्ही लगेच दात पांढरे करायचं जेल हातात दिलं नाहीत याचं मला फार मोल वाटतं. आधी कीड आहे का, हिरड्या कशा आहेत, कुठे मूळ उघडं पडलंय का ते बघितलंत, मग क्लीनिंग केलंत आणि आरसा देऊन विचारलंत, आता अजून हवंय का? चहा-कॉफीचे डाग तर तिथेच गेले होते, आणि बऱ्याच जणांचं काम एवढ्यातच होतं म्हणालात. मला थोडं अजून हवं होतं, तर पुढच्या दातातलं जुनं फिलिंग दाखवून आधीच सांगितलंत की हे काही उजळणार नाही, कॅपसुद्धा उजळत नाही, आणि फिलिंग बदलायचं तर ब्लीचिंग, म्हणजे जेलने दात उजळवणं, संपल्यावर दोनेक आठवडे थांबून, कारण तोवर रंग स्थिर होतो आणि नवीन फिलिंगही नीट चिकटतं.

मग जेल भरून घरी दातांवर बसवायचा तो ट्रे. माप घेतलंत, प्लास्टरचा साचा केलात, पातळ पारदर्शक ट्रेची कड हिरडीला लागू नये म्हणून कापून दिलीत आणि स्वतः जेल भरून दाखवलंत, प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा थेंब बस, हिरडीवर आलेलं लगेच पुसायचं. जेल 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं, त्यातून दात उजळवणारं हायड्रोजन पेरॉक्साइड साधारण 3.5 टक्केच तयार होतं, आणि रात्री ट्रे लावायची ही पद्धत 1989 पासून लिहिली गेलीय हे ऐकून माझी धाकधूक कमी झाली. जास्त स्ट्राँग जेलने लवकर होतं पण शेवटी रंग जवळपास तेवढाच येतो आणि झिणझिण्या मात्र वाढतात, हे तुमचं वाक्य मी किती जणांना ऐकवलंय!

सुरुवातीला एकदा सकाळी गार हवा तोंडाने आत घेतली तर खालच्या दातांत कळ आली, घाबरून मेसेज केला, तुमचं उत्तर लगेच आलं. पेरॉक्साइड इनॅमलमधून आत दाताच्या नसेपर्यंत जातं म्हणून असं होतं, थांबवलं की जातं, आता एक रात्र सोडून एक रात्र लावा, आणि मधल्या दिवशी पोटॅशियम नायट्रेटवाली सेन्सिटिव्ह पेस्ट ट्रेमध्ये भरून 10 ते 30 मिनिटं ठेवा. खरंच कळ गेली. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, आंबट काही खाल्लं-प्यायलं की अर्धा तास ब्रश नाही, हे अजून चालू आहे आणि चालूच राहील.

आणि हो, मन मानेल तेवढं करत बसू नका, डोळ्यांच्या पांढऱ्या भागाशी रंग जुळला की थांबा, हेही तुम्हीच सांगितलंत, मी तिथेच थांबले.

आता माझी धाकटी बहीण मागे लागलीय, ती 16 वर्षांची आहे. मी तिला सांगितलंय की 18 च्या आधी नाही, पण ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल, म्हणून पुढच्या वेळी फिलिंग बदलायला येताना तिलाही आणतेय, तिला फक्त क्लीनिंग करून द्या.

मनापासून आभार मॅडम.

तुमची पेशंट