तुझा विषय हरवला त्याबद्दल

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, माझा संशोधनाचा विषयच राहिला नाही गं," आणि लगेच, "जाऊ दे, तू झोप." झोप कसली येतेय! घाईघाईत मी धीर दिला, दोन-चार सल्लेही दिले, पण खरं सांगायचं ते राहूनच गेलं.

माझाही विषय असाच हरवला होता. प्रवेशाच्या वेळी लिहिलेल्या प्रपोजलमध्ये मी शंभर वर्षांचा काळ घेतला होता. शीर्षकात स्त्रिया, वाचन आणि समाज, असे तीन भलेमोठे शब्द. सहा महिने वाचल्यावर कळलं की त्यातल्या एकेका शब्दापायी लोकांनी आयुष्यं घालवलीत. वर माझाच मुद्दा माझ्यापेक्षा नेटका मांडणारा एक लेख सापडला, तोही माझ्या जन्माआधी छापलेला. त्यानंतर मी जे केलं ते तुला कधी बोलले नाही. मी मार्गदर्शकांना टाळायला लागले. ते लांबून दिसले तरी दुसऱ्या जिन्याने उतरायचे. "अजून थोडं वाचते, मग भेटते," असं कळवत चार महिने काढले. परवा नेमकं तेच वाक्य तुझ्या तोंडून ऐकलं आणि धस्स झालं.

मला सोडवलं ते एका जुन्या वाचनालयाच्या नोंदवहीने. कुणी कोणतं पुस्तक नेलं, कधी परत केलं, बस्स. फार तर तीन वर्षांच्या नोंदी, त्याही वाळवीने खाल्लेल्या. त्यात एका बाईने एकच कादंबरी सात वेळा नेलेली होती. सात वेळा! तिला ती इतकी आवडली होती, की दुसऱ्या कुणासाठी नेत होती, की पुस्तकाच्या निमित्ताने घराबाहेर पडायला मिळत होतं? मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण माझा अख्खा प्रबंध त्या सात नोंदींवर उभा राहिला. शंभर वर्षं गेली, तीन उरली, आणि मला पहिल्यांदाच लिहावंसं वाटलं.

विषय छोटा झाला की आपणच छोटे झालो असं वाटतं, हे मला माहीत आहे. अशा वेळी मी भांडारकर संस्थेतल्या मंडळींची आठवण काढते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. सुमारे साडेबाराशे हस्तलिखितं पाहिली गेली. श्लोकातला अमुक शब्द जुना की तमुक, एवढ्याच प्रश्नापाशी माणसं वर्षानुवर्षं बसली. सुरुवात करणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना शेवट दिसला नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथाचं कामही शेवटी एकेका शब्दाशी येऊन ठेपतं.

सेमिनारमध्ये सगळे तुझ्यापेक्षा हुशार वाटतात म्हणालीस. एकोणिसाव्या शतकात रांके हा जर्मन इतिहासकार बर्लिनला आपल्या घरी विद्यार्थी जमवायचा आणि मूळ साधनांची उलटतपासणी करायला लावायचा. सेमिनारची रीत रुजली ती अशा बैठकांमधून. म्हणजे तिथे झाडाझडती व्हायचीच, फक्त ती कागदाची व्हावी, माणसाची नव्हे. आणि भराभरा नावं घेणाऱ्यांना फार घाबरू नकोस. फूको या फ्रेंच विचारवंताची एक प्रस्तावना वाचून मी वर्षभर त्याचं नाव घेत फिरले आहे.

एकटेपणाचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. विज्ञानवाल्यांना निदान प्रयोगशाळेत चार माणसं दिसतात. तुमच्या मानव्यविद्यांत, म्हणजे भाषा, साहित्य, इतिहास असल्या विषयांत, आठवडा गेला तरी, आज काय केलंस, असं कुणी विचारत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २६ देशांतल्या दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले होते. बहुतेक पीएच.डी.चे होते, थोडे मास्टर्सचे, आणि निम्म्याहून अधिक मानव्यविद्या व समाजशास्त्रांकडचे. दहातल्या चौघांमध्ये चिंता मध्यम ते तीव्र पातळीवर आढळली. ज्याचं दुखतं तोच असे फॉर्म भरतो हे खरं धरलं, तरी आकडा लहान नाही. तेव्हा झोप उडाली, जेवण सुटलं, तर समुपदेशकाकडे जा. माझ्याशी बोलणं हा त्याला पर्याय नाही, हे मीच सांगतेय.

मार्गदर्शकांना या आठवड्यात चार पानं पाठव. वाईट असली तरी चालतील. चाळीस चांगली पानं लिहून झाल्यावर दाखवू, असं ठरवणाऱ्यांची पानं बॅगेतच राहतात. आणि उतारा टिपून घेताना पान क्रमांक तिथल्या तिथे लिही गं. एका ओळीच्या तळटिपेसाठी मी दोन दिवस घालवलेत.

"पुढे काय?" असं विचारणाऱ्यांना काय सांगायचं ते तू ठरव. नेदरलँड्समध्ये मानव्यविद्यांचा साधा मास्टर्स ६० क्रेडिटचा, म्हणजे एका वर्षाचा असतो आणि संशोधनाचा १२० चा, म्हणजे दोन वर्षांचा. जास्तीचं वर्ष असतं ते पीएच.डी. आपल्याला झेपेल का, आवडेल का, हे अजमावायला. अजमावून "नाही" असं उत्तर आलं, तर तेही उत्तरच. माझं "नाही" आलं. त्याचं वाईट वाटतं का, असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी विषय बदलला होता. वाटतं, कधीकधी. विशेषतः कुणी जुनी वही उघडून दाखवली की.

एक विचारायचं राहिलं. मागे तू एका अनुवादकाबद्दल बोलत होतीस. त्याने मूळ पुस्तकातलं एक प्रकरण गाळलं आणि प्रस्तावनेत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ते सांगताना तू इतकी भरभर बोलत होतीस की मला निम्मं कळलंच नाही. ते गाळलेलं प्रकरण होतं तरी कशाबद्दल? सविस्तर लिहून पाठव.

तुझी,
आई